कोबीची पानं

अमेरिकेहून आमच्या सर्बियातल्या गावच्या संघात बास्केटबॉल खेळायला आलेली ट्रीना माझ्या माडीवर राहते. तिचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. क्लबला कळलं तर घरी पाठवतील, आणि चौतिशीत तिला दुसरं कोण घेणार? म्हणून मी रोज कोबीची पानं लाटण्याने ठेचून गुडघ्याला बांधायची. डॉक्टर काय कपाळ करणार!

रविवारी क्लबचा मॅनेजर मिलुटिन दारात.

“मावशी, कोबीचा वास सुटलाय. सारमा केलाय की काय?”

“नाही, अत्तर काढतेय. बस, पानांत खिमा भरलाय भरपूर.”

ट्रीनाच ताट घेऊन आली. जराही लंगडली नाही, कपाळ तेवढं घामाने डबडबलेलं. मिलुटिनने दोनदा मागून खाल्लं, तोंड पुसलं.

“मावशी, हिची खोली रिकामी करा. हिच्या जागी नवी आणलीय. गाडीत बसलीय.”

“हे गिळायच्या आधी सांगायला जीभ झडली होती का रे?”

ट्रीना खाली बसली आणि गुडघा कवटाळून रडली.

नवी अमेरिकन आली, विशीतली. कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर थांबत जिना चढली.

ट्रीना तिचे पाय बघत राहिली. मग डोळे पुसून उठली आणि कोबीचा नवा गड्डा माझ्यापुढे ठेवला.