पापण्यांनी वेचायचं मीठ

अनसूयाबाई मिठाच्या वीस किलोच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या होत्या आणि जावई हात जोडून समोर उभा होता.

"आई, उठा ना. फाटकापर्यंत दोनशे पावलं खडीचा रस्ता आहे, त्यावर बर्फाची नुसती काच झालीय. मीठ टाकल्याशिवाय गाडी निघायची नाही."

"चिमूटभर मीठ सांडलं तरी मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, जावईबापू. तुम्ही तर अख्खं पोतं ओतायला निघालात! मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

कॅनडातल्या त्या खेड्यात आठवडाभर हाच वाद चालला होता. मिठाऐवजी बाईंनी लाकडं जाळायच्या शेगडीतली राख पसरून पाहिली, ती तीस पावलांतच संपली.

तेवढ्यात नऊ महिने भरलेली लेक हेमांगी दाराला धरून कळवळली, "आई गं! कळा सुरू झाल्या."

जावयाने बायकोला गाडीत बसवलं. गाडीने जागच्या जागी गिरकी घेतली आणि ती पुन्हा घराकडे तोंड करून उभी राहिली.

बाई ताडकन उठल्या. त्यांनी पोतं फोडलं आणि चिमूट चिमूट मीठ टाकायला सुरुवात केली.

"अगं, आमटीत घालतेयस का?" हेमांगी खिडकीतून किंचाळली.

मग मात्र बाई ओंजळी भरभरून मीठ उधळत थेट फाटकापर्यंत गेल्या. जावई मदतीला धावला, तसा त्यांनी त्याचा हात झटकला.

"तुम्ही शिवायचं नाही. गाडी काढा. मेल्यावर मला दुसरं काम तरी काय असणार आहे?"