बंडी आणि पश्चिम

“वरचे दात खालच्या ओठाला लागले, की व्हेस्ट. म्हणजे आत घालायची बंडी,” पोरगी म्हणाली. “दात लागलेच नाहीत, नुसता ओठांचा चंबू झाला, की वेस्ट. म्हणजे पश्चिम दिशा. पाहुणा फोनवर बंडीचं विचारेल आणि तुम्ही त्याला मावळतीकडे धाडाल.”

हॉटेलच्या लाँड्रीत हशा पिकला. इस्त्रीची टेबलं भिंतीला सारून वर्ग भरला होता. पाहुण्यांचे फोन आता थेट खाली यायचे होते, म्हणून सगळ्यांना इंग्रजी शिकवायचं ठरलं होतं. शिकवणारी होती मुकादमिणीची धाकटी लेक. आज परीक्षा होती, पण शिकणाऱ्यांची नव्हे, तिची. मॅनेजर दाराला टेकून उभा होता. “आजचा दिवस बघतो, मग ठेवायचं की नाही ते ठरवू,” एवढंच तो म्हणाला होता.

मुकादमीण पहिल्या बाकड्यावर पाठ ताठ करून बसली होती. या लाँड्रीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चादरीला एक चुणी दिसली, की अख्खी चादर परत पाण्यात. मग इस्त्री करणारा तिचा सख्खा भाचा का असेना.

एकेकाची पाळी येत होती. चुकलं, की पोरगी टेबलावर बोटाने टक् करायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. इस्त्रीवाल्याला घाम फुटला. डाग काढणारी म्हणाली, “एवढं तर मी सासूचंही ऐकून घेतलं नाही.” पण शेवटी बरोबर म्हणाली. मुकादमीण मनात म्हणाली, पोर खमकी निघाली हो.

मग तिची पाळी आली.

“वेस्ट!” ती ठणकावून म्हणाली.

पोरीचं बोट वर गेलं आणि आवाज न करता खाली आलं. “छान,” ती पुटपुटली. “पुढे.”

पुढचा म्हणाला, “वेस्ट.” त्याच्या पुढचीही तेच. मघाशी घाम गाळून बरोबर म्हणणाऱ्या इस्त्रीवाल्याने घाईघाईने आपलंही दुरुस्त करून वेस्ट करून टाकलं. मुकादमीण मावशी म्हणाल्या ते खरं. बघता बघता सगळी लाँड्री पश्चिमेला तोंड करून बसली.

दारातल्या मॅनेजरने ओठ मुडपले आणि तो जायला वळला.

मुकादमिणीने ते पाहिलं. पोरीचा उतरलेला चेहराही पाहिला. भीड भिकेची बहीण, हे ती जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आली होती. आज तिच्याच भिडेपायी पोर बुडत होती.

ती उठून उभी राहिली.

“बाई,” ती म्हणाली. पोटच्या पोरीला बाई म्हणताना तिची जीभ अडखळली नाही. “माझं चुकलं ना?”

“आई, असू दे गं. चालतं.”

“चालतं? चुणी पडलेली चादर चालते का या खोलीत? मग शब्द बरा चालतो! यांना टकटक आणि मला छान? आई घरी. इथे म्हणवून घे माझ्याकडून.”

पोरीने बोट उचललं. टक्.

“पुन्हा. दात लागले नाहीत.”

“वेस्ट.”

टक्. “तोंड उघडा. दात दिसू द्या.”

तोंड उघडणं हीच तर गोम होती. गेल्या वर्षी मुकादमिणीचा समोरचा दात पडला, तेव्हापासून ती ओठ मिटूनच हसायची. रागावतानासुद्धा वरचा ओठ खाली ओढून रागवायची. घरच्यांखेरीज ते खिंडार कुणी पाहिलं नव्हतं.

तिने ओठ वर केला. डाग काढणारीच्या तोंडून “अगंबाई!” निसटलं.

“हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं,” मुकादमीण म्हणाली. “उद्या चादरी माझ्याच डोळ्यांखालून जायच्यात.”

कुणी हसलं नाही.

“बाजूचा दात आहे ना?” पोरगी म्हणाली. तिचा आवाज आता खणखणीत होता. “तो लावा ओठाला. हं, म्हणा.”

“व्... वे...”

टक्. “पुन्हा.”

“व्हेस्ट.”

“पुन्हा.”

“व्हेस्ट!”

“हं. बसा.”

छान नाही, शाबास नाही, नुसतं बसा. मुकादमीण बसली. मागून इस्त्रीवाला आपणहून उठला. “बाई, माझंही मघाशी बिघडलंय. परत घ्या.”

मॅनेजर दारातच थांबला होता. वर्ग सुटल्यावर तो आत आला आणि पोरीला म्हणाला, “उद्यापासून या.”

फाटकाशी दरवानाने मुकादमिणीला अडवलं. “काय मावशी, लेक मास्तरीण झाली म्हणे! आईला सांभाळून घेतलं असेल.”

“सांभाळून? हट्! भरल्या वर्गात उभं केलं मला. तोंड उघडायला लावलं. चुकले तर पुन्हा, पुन्हा चुकले तर पुन्हा!”

दरवान वरमला. “एवढं?”

“एवढं!” मुकादमीण म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्यालाही हे सांगायचं म्हणून घरचा रस्ता सोडून तिकडे वळली.