दोनशेवीस ठोके

बायकोच्या छातीत बसवलेलं मशीन तिचे ठोके लिहून ठेवतं आणि जीवघेणे वाढले की झटका देऊन वाचवतं. सावेडीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती नोंद उघडली. “रविवार, सकाळी अकरा. ठोके दोनशेवीस, मग झटका.” रविवारी अकराला ती चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला असते. तिथे तिच्या शेजारी उभा राहून गाणारा जस्टिन असतो, मिशीसकट. मला बघून तिचे ठोके कधी नव्वदच्या वर गेले नाहीत. “डॉक्टर, आधीच्या रविवारी किती होते?” मी विचारलं. “तुम्ही गप्प बसा. ताई, तेव्हा काय करत होतात?” “ह्यांचा सातवा फोन घेत हुते.” म्हणजे दोनशेवीस माझेच! मला बरं वाटलं. डॉक्टर भडकले, “झटका बसल्यावर लगेच यायचं! जीव गेला असता. घरी का नाही सांगितलं?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्यांनी पहिलं विचारलं असतं, तवा शेजारी कोण हुतं?”