उजेडाची जागा

"मावशी, तिथं काही दिसत नाही. इकडं दारात बसा, इथं उजेड चांगला आहे."

शरणम्मा कोपऱ्यातून उठली. कोपऱ्यात जुन्या गावातून आणलेली दाराची एक लाकडी चौकट भिंतीला टेकवून उभी होती. पुनर्वसनातल्या या घराला सरकारी लोखंडी दार होतं, त्यामुळं चौकटीला काही काम नव्हतं. शरणम्मा रोज तिलाच पाठ लावून बसायची. आता ती निमूट दारात येऊन बसली.

तिला दारात बोलावणारा वीरेश मूळचा लातूरचा, आता बडोद्याचा. व्हिडिओ-कलाकार. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्या वडिलांनाही चारचौघांत सांगता येत नसे. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या बातम्यांतली एक फीत त्याच्या हाती लागली होती. पडलेल्या माडीसमोर छाती बडवून रडणारी तरुण शरणम्मा. ती फीत त्यानं इतकी संथ केली होती, की एक हुंदका संपेपर्यंत चहा गार व्हावा. नांदेडचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तरी कामात काहीतरी कमी पडत होतं आणि त्यापायी त्याला ना झोप होती ना जेवण.

ते कमी पडणारं शरणम्माच्या शेजारच्या गुरुलिंगनं सकाळी पुरवलं.

"ती माडी हिची कुठली, साहेब? माणिकप्पा दुकानदाराची. ही टीव्हीत दिसाया दुसऱ्याच्या दारात रडली. गावात टीव्हीवालीच म्हणतेत हिला."

वीरेशनं गुरुलिंगला मिठीच मारली. रचलेलं दुःख. माध्यमांचं पितळ. शीर्षकही उभ्या उभ्या सुचलं : 'उसने अश्रू'. आता बाईनं तेवढं तोंडानं कबूल करायचं राहिलं होतं.

कॅमेरा सुरू झाला.

"मावशी, ती माडी तुमची नव्हती ना?"

"न्हाई."

वीरेशचा पाय नाचायला लागला. "मग तिथं रडलात कशाला?"

शरणम्मानं अंगावरचा पदर सारखा केला.

"माझं घर मागल्या गल्लीत. बसकं माळवद. पडलं तर नुसता मातीचा ढीग. मालक आन् दोन्ही लेकरं खाली. मी हातानं माती उकरत होते. तवा तुझ्यासारखाच एकजण आला, खांद्यावर कॅमेरा. म्हणला, बाई, इथं काही दिसत न्हाई. तिकडं माडीपाशी चला, तिथं उजेड चांगला हाय. लोकांला दिसलं तर मदत यील."

"मग?"

"मग गेले. रडले. मदत लई आली, बाबा. समद्यांनी मिळून माणिकप्पाची माडी उकरली."

वीरेशचा पाय थांबला.

शरणम्मा उठली. दारातून निघून कोपऱ्यात गेली, चौकटीला पाठ लावून बसली.

"आता हितंच बसते. दिसलं तर दिसलं. इचार काय इचारायचं ते."

वीरेशचा हात सवयीनं कॅमेऱ्यावरच्या दिव्याच्या बटणाकडं गेला. मग दिवा न लावताच खाली आला.

नांदेडच्या दालनात उद्घाटनाला बरीच मंडळी जमली. पहिल्या रांगेत शरणम्मा, शेजारी गुरुलिंग. पडदा सुरू झाला आणि काळाच राहिला. पाहुण्यांनी फोन वर केले, टिपण्यासारखं काही सापडेना, पुन्हा खाली घेतले. खुर्च्या कुरकुरू लागल्या. एक प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, अनुपस्थितीवर काहीतरी भाष्य असावं. शेजाऱ्यानं घड्याळात पाहिलं.

गुरुलिंगला राहवेना. "ओ साहेब, पडदा बंद पडलाय की तुमचा."

शरणम्मानं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बंद न्हाई पडला," ती म्हणाली. "त्ये माझं घर हाय."