समितीने सुचवले

सगुणाबाईंच्या पत्राला हौसेरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन आठ महिने झाले होते. आज ते त्यांच्या पिशवीत होतं, पिशवी मांडीवर होती, आणि टेबलापलीकडे उभी राहून डॉक्टर सोनल समितीला विनवत होती.

नेरुळच्या एका रुग्णालयाची नीतिमत्ता समिती बसली होती. माणसांवर संशोधन करायचं तर आधी या समितीची परवानगी लागते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक साधा नागरिकही लागतो. तो साधा नागरिक म्हणजे हौसेराव. निवृत्त ग्रंथपाल, मूळचे साताऱ्याकडचे, आता कामोठ्याला राहणारे. चार वर्षांत ते बैठकीत एकदाच बोलले होते.

हळदीच्या नाचगाण्यात कोणीतरी परवान्याची बंदूक काढतो, हवेत बार टाकतो, आणि एखादी गोळी माणसाला लागते. हे थांबवायचं कसं, याचा सोनल शोध घेत होती. जखमींशी ती बोलली, शेजाऱ्यांशी बोलली. ज्यांची मुलं गेली त्या आयांशी बोलायला मात्र समितीची मनाई होती.

"ती अट काढा," सोनल म्हणाली. "बंदूक घरातून बाहेर येते. घरातल्या बाईलाच विचारायचं नाही, तर मला कळणार काय?"

"अहो, जिचं पोर गेलं तिला पुन्हा तेच विचारायचं?" अध्यक्ष डॉक्टर कुलदीप म्हणाले. "एक तरी आई म्हणाली का, मला विचारा म्हणून?"

आयांकडे जायचीच बंदी होती. म्हणणार कोण आणि कोणाला?

अट कोणी घातली ते इतिवृत्तात नव्हतं. 'समितीने सुचवले' एवढंच होतं. हौसेरावांना मात्र पक्कं ठाऊक होतं. ते एकदाच बोलले होते, ते हेच. आयांना त्रास नको. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वकील शालनताई तर 'वा' म्हणाल्या होत्या. या जाणत्या माणसांत आपलाही काही उपयोग आहे, असं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं.

मग पत्र आलं. डॉक्टरांना लिहायला लोक बिचकतात, म्हणून मुलाखत देणाऱ्यांच्या संमतीपत्राच्या तळाशी तक्रारीसाठी हौसेरावांचा पत्ता असे. सगुणाबाईंनी तो शेजारणीच्या कागदावरून उतरवून घेतला होता. पत्र पुढच्याच बैठकीत ठेवायला हवं होतं. पण मग आपलं एकुलतं एक शहाणपण चुकीचं निघालं, हे सगळ्यांना कळलं असतं. त्यांनी ते एका जाड पुस्तकात दडवलं.

"चला, मत घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

हौसेरावांनी हात वर केला.

"काका, अजून कोणी मत विचारलं नाही हो," कुलदीप हसले. "की आज बोलताय? मग चहा थांबवायला सांगतो."

हौसेरावांनी पिशवीतून सगुणाबाईंचं पत्र काढलं, उलगडलं आणि सरळ वाचायला लागले.

"माज्या पोराला गोली लागली. तुमची बाय समोरच्यांना इचारते, बाजूच्यांना इचारते. मी खुर्ची काढून ठेवते, ती पुढं जाते. बंदूक माज्याच भावानं आनली व्हती. फोटोला वर धर, असा मीच त्याला बोलली व्हती. या मना सांगायचा हाय. गावात पुढची हळद लागायच्या आदी सांगायचा हाय."

शालनताईंनी हात पुढे करून पत्र घेतलं, तारीख पाहिली. "आठ महिने हे तुमच्याकडे आहे?"

"हो."

"का पण?"

"अट माझी होती," हौसेराव म्हणाले. "राजीनामा लिहून आणलाय."

"पाच वेळा गेले मी त्यांच्या दारावरून," सोनल हळूच म्हणाली. "दरवेळी नजर चुकवून."

एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. मग कुलदीपांनी पेनाचं टोपण काढलं.

"अट काढली. आया नको म्हणाल्या तर तिथेच थांबायचं. आणि काका, राजीनाम्याचं नंतर बघू. पत्र तुम्हाला आलंय, आधी उत्तर द्या."

उत्तराचे अकरा खर्डे हौसेरावांच्या घरी पडून होते. सगळे 'आपल्या दुःखात' इथून सुरू होणारे. त्यातला एकही त्यांनी घेतला नाही. कामोठ्याच्या पोस्टात उभ्याउभ्याच लिहिलं.

'सगुणाबाई, तुम्हाला विचारू नये असं मीच सांगितलं होतं. तुम्हाला त्रास होईल, असं म्हणालो. खरं तर ऐकायची हिंमत माझ्यातच नव्हती. डॉक्टर सोनल तुमच्याकडे येऊ इच्छितात. त्यांच्याबरोबर मी आलो तर चालेल का?'

खाली त्यांनी 'हो' आणि 'नाही' असे दोनच शब्द लिहिले, दोन्हींपुढे खुणेपुरती जागा सोडली, स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेलं रिकामं पाकीट आत सरकवलं, आणि पत्र पेटीत टाकलं.