म्हाळसाबाईचे गुडघे

"आजी, अजून एकदा चालून दाखवा की," औषध कंपनीचा माणूस म्हणाला. "मागं बसलेल्यांना दिसलं न्हाई."

म्हाळसाबाई उठली. हातात काठी नाही, भिंतीचा आधार नाही. दारापासून टेबलापर्यंत ती ताठ मानेनं चालत आली. नजर लेकाच्या तोंडावरून हलवली नाही. बीदरच्या मैलूर भागातल्या त्या दवाखान्यात, खुर्च्या मांडून भरलेल्या खोलीत, टाळ्या पडल्या.

"डॉक्टरसाब, आमच्या म्हशीलाबी एक सुई मारा," मागून काशप्पा ओरडला. "तीबी उठंना झालीय."

सगळे हसले. डॉक्टर अनिलकुमारही हसला. म्हाळसाबाईचा हा एकुलता एक लेक. बीदरात दवाखाना टाकून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जरा मोठं दुखणं आलं की लोक त्याला ओलांडून हैदराबादची बस धरत. आता त्यानं पेप्टाइडचे उपचार सुरू करायचे ठरवले होते. बाहेर नवी पाटी लागली होती. प्रथिनांचे बारीक तुकडे, तो लोकांना समजावत होता, आपलं अंग स्वतःच बनवतं तसलेच. पोटाच्या कातडीत बारीक सुईनं दिले की झिजलेल्या सांध्याला दुरुस्तीचा निरोप जातो.

"कंपनी सांगते म्हणून मी सांगत नाही," तो म्हणाला. "आधी माझ्या आईला दिलं. घरात, डोळ्यांनी बघितलंय."

खोटं बोलणारा माणूस तो नव्हताच. पहिल्या सुईनंतर आईनं 'बरं वाटायलंय' म्हटलं, त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला होता.

सुईसाठी नाव सांगायला लोक उठले. सगळ्यांत पुढं तुळजा, म्हाळसाबाईची धाकटी जाऊ. जनवाड्याहून जावयाच्या खांद्याला धरून आली होती. दोघींनी मिळून उभी हयात मेंढरांमागं काढलेली.

"अक्का, तुझ्याकडं बघून आले बघ," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशनला नंबर लागला होता माझा. नको म्हनून सांगून टाकलं. सुईनं भागत असंल तर कापून कामून घ्यायचं?"

म्हाळसाबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. "नंबर सोडलीस?"

"व्हय. परवाच."

"आत्ता उठ आन जा तिकडं. पाय धर त्यांचे, पन नंबर परत घे."

"आजी गंमत करायल्यात," कंपनीचा माणूस घाईनं म्हणाला.

तुळजाचे डोळे बारीक झाले. जावेला जाऊ चांगलीच ओळखते. "स्वतः बरी झालीस, आन मी कापून घ्यावं व्हय? तुझ्या लेकाची सुई माझ्या वाट्याला येऊ द्यायची न्हाई तुला!" तिनं पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर भंडारा पुढं धरला. "उचल. मल्लण्णाचा भंडारा हाय. उचल आन सांग, फरक पडला का न्हाई."

मैलार मल्लण्णाच्या, म्हणजे खंडोबाच्या, लेकरांत भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. भावकीतले बांधाचे तंटेसुद्धा त्या पिवळ्या चिमटीवर मिटतात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी नकळत टोप्या काढल्या.

"अहो, हे विज्ञान आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "हळदीचं इथं काय काम?"

"तुझं विज्ञान आतापातुर माझ्याच जिभेवर उभं होतं," म्हाळसाबाई म्हणाली. "आता तीच जीभ बोलायलीय. ऐकून घे."

अनिलकुमार टेबलामागून पुढं आला. "आई, चल. घरी बोलू."

"घरी न्हाई. टाळ्या हितं वाजल्या."

तिनं तळहात पुढं केला. तुळजानं त्यावर भंडारा ठेवला. म्हाळसाबाईनं मूठ मिटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"रत्तीभर फरक न्हाई. पहिल्या सुईला न्हाई, शेवटच्या सुईलाबी न्हाई. आत्ता उभी हाय तर गुडघ्यात इंगळ्या डसायल्यात."

खुर्च्या सरकल्या. कंपनीच्या माणसानं बाटल्या खोक्यात भरायला घेतल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे डॉक्टरनं फसविलं."

"कोन बोललं ते?" म्हाळसाबाई गर्रकन वळली. वळताना तिनं पहिल्यांदाच टेबलाचा काठ धरला. "माझ्या लेकाला लबाड म्हनायचं काम न्हाई. फरक पडला म्हनून त्याला मीच सांगितलं. लबाडी माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला!"

तुळजा जावयाला घेऊन निघालीसुद्धा, सरकारी दवाखान्याकडं. दारात थांबून तिनं एकदा मागं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

अनिलकुमारनं खुर्ची पुढं केली. म्हाळसाबाई बसली नाही.

"रोज सकाळी तू जिना चढत होतीस," तो म्हणाला. "गच्चीवर कपडे वाळत घालायचीस. मी दारात उभं राहून बघायचो, आई. सुईनं काहीच झालं नव्हतं, तर तू चढत होतीस कशी?"

"तू बघत होतास म्हनून."