मागची सीट

२००४ साली दिंडोरीचे नामदेवराव मुलाकडे न्यूझीलंडला गेले आणि त्याची गाडी घेऊन बायकोला देश दाखवायला निघाले. पुढच्या सीटवर त्यांचा कॅमेरा आणि नकाशा, म्हणून सुवर्णाबाई मागे, चहाचा थर्मास सांभाळत. वाटेतल्या निळ्याशार तळ्याकाठी जरा बसावं असं त्यांना फार वाटत होतं, पण गाडी थांबायची ती फक्त द्राक्षबाग दिसली की. "घरी काय कमी द्राक्षं बघितली का हो?" हे दोनदा ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

दुपारी एका पेट्रोल पंपावर त्या बाथरूमला उतरल्या. बाहेर येऊन बघतात तर गाडी गायब! पर्स गाडीत, इंग्रजीचा गंध नाही. पंपावरची बाई खुणा करून काहीबाही विचारत होती. सुवर्णाबाईंना रडूही येत होतं आणि संतापही. बऱ्याच वेळाने एकदाची गाडी परत आली.

"अगं, उतरलीस ते सांगायचं नाय का? फवारणीचं, सोसायटीच्या निवडणुकीचं, तासभर एकटाच बोलत बसलो ना मी!"

"आणि मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही, त्याचं काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

"त्यात काय वाटायचं?"

"मग मी गाडीत नाही, हे कळलं तरी कधी?"



"चहा मागितला आणि कप पुढे आला नाही, तेव्हा."